केवणीची गाठ

मुकादमानं खिशातून चाकू काढला, मी बांधलेली गाठ खाटकन कापली आणि दोरी धुळीत फेकून हात झटकले.

“चल, घाल दात बुंध्याखाली,” तो जेसीबीवर बसलेल्या बबनला म्हणाला.

बबननं यंत्र बंद केलं. किल्ली काढून खिशात घातली, खाली उतरला आणि आधी स्वतःच्या दोन्ही कानांना हात लावला.

“काय झालं रे?”

“गाठ तोडलीत तुमी, साहेब.”

“दोरीचा तुकडा होता तो.”

“दोरीच व्हती. पर गाठ मारलेली व्हती.”

एवढं बोलून तो सावलीत जाऊन बसला. रस्त्यावर खडी पसरणारी आमच्या वाडीची माणसं एकेक करत घमेली खाली ठेवू लागली. मुकादम एकदा त्यांच्याकडं बघे, एकदा बंद यंत्राकडं, एकदा झाडाकडं. मी आणि माझी सासू बांधावर बसलो होतो. सासूनं मला कोपरानं ढोसलं आणि पदर तोंडाला लावला. ती रडतेय असं मुकादमाला वाटलं असणार. ती हसत होती.

आमची वाडी म्हणजे पिंपरदरा. जुन्नरच्या वर, डोंगराच्या कुशीत, सगळी महादेव कोळ्यांची घरं. मी तिथं सून म्हणून आले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा, किसन, भोसरीला कारखान्यात होता. त्यानं तिथं खोली बघितली होती, खोलीत नळ होता, आणि खालच्या फाट्यापर्यंत येणाऱ्या गुरुवारच्या एसटीनं तो मला न्यायला येणार होता. नळ या गोष्टीचं मला त्या काळी किती वेड होतं ते आता सांगून पटायचं नाही. माझी ट्रंक भरून तयार होती. दिवसातून दोनदा मी ती उघडून बघत असे, आणि सासू मला बघताना बघत असे.

सासूचं नाव धोंडाबाई. बुटकी, काटक, आणि तोंड असं की वाडीतले बापे तिच्या दारावरून जाताना चप्पल हातात घेत. सगळ्या सुना म्हणतात तशी मीही तिला आत्या म्हणायचे. आत्याचा जीव एका हिरड्याच्या झाडात होता. ते रस्त्याच्या कडेला, आमच्या वावराच्या टोकाशी उभं होतं. आता त्याच रस्त्याचं रुंदीकरण निघालं होतं, आणि मुकादमानं टाकलेली फक्कीची पांढरी रेघ थेट झाडाच्या बुंध्यातून गेली होती.

रस्ता आम्हाला नको होता असं नाही. आत्या स्वतः म्हणायची, “रस्ता मलाबी पायजे. माझ्या गुडघ्यांनी का तो डोंगर उतरायचा?” पण झाड तिला त्याहून जास्त हवं होतं.

त्या झाडावर खाचा होत्या. चढायसाठी कोयत्यानं पाडलेल्या, पावलाच्या अंगठ्याला आधार मिळेल एवढ्या. एका अंगाला आत्याच्या सासूच्या खाचा. झाडानं त्यांचे ओठ इतके फुगवले होते की आता त्यात बोटही जाईना. दुसऱ्या अंगाला आत्याच्या, जवळ जवळ पाडलेल्या, कारण आत्याचं पाऊलच तेवढं पडायचं. ज्या बाईनं हिरडा उतरवायचा तिच्या पायाच्या मापानं खाचा पाडायच्या, अशी या घराची रीत. मी उंच. आत्याच्या खाचांवरून चढायला गेले की गुडघे हनुवटीला लागत. आत्या खालून म्हणे, “बेडकी चालली बघा झाडावर.”

आणि दुसरी रीत गाठीची. रानात कुणी सरपणाची मोळी रचून ठेवली, गवताचा भारा कापून ठेवला, एखादं झाड या साली उतरवायचं म्हणून धरलं, की त्यावर केवणीच्या झुडपाच्या चिवट सालीची गाठ मारायची. साल ओली असतानाच सोलून, मांडीवर वळून, वेढा द्यायचा आणि गाठीचं शेपूट आपल्या घराच्या दिशेला सोडायचं. मग ती वस्तू बांधणाऱ्याची. महिनाभर रानात पडून राहिली तरी कुणी हात लावायचा नाही. गाठ सोडायची ती बांधणाऱ्यानंच. दुसऱ्यानं तोडली तर वस्तू मोकळी होत नाही, उलट बाटते. मग तिला वाडीतलं, शेजारच्या वाड्यांतलं कुणीच शिवत नाही.

फक्की पडली त्या संध्याकाळी आत्या केवणीच्या काठ्या घेऊन आली.

“नंदे, बांध.”

“मी? झाड तुमचं आहे, आत्या.”

“माझी बोटं आखडलीत,” तिनं दोन्ही पंजे माझ्यासमोर वाकडे करून धरले. “गाठ बसत न्हाय नीट. तू बांध. ताठ बांध, माझ्या पोराला बांधलंस तशी.”

मी बांधली. हीच ती मुकादमानं कापलेली गाठ.

मुकादमाचं नाव ढोबळे. नगरकडचा, पोटानं मोठा, मनानं वाईट नव्हता. त्याला पावसाच्या आत रस्ता संपवायचा होता, आणि आपण काय तोडलं हे त्याला कुणी धड सांगत नव्हतं. त्यानं बबनला शिव्या दिल्या. बबन शेजारच्या वाडीचा, नात्यानं आत्याचा भाचा. त्यानं शिव्या ऐकून घेतल्या आणि तंबाखू मळली.

“तू नसशील चालवत तर मी चालवतो,” ढोबळे म्हणाला.

“चालवा की,” बबननं किल्ली पुढं केली.

ढोबळे यंत्रावर चढला, बसला, दांडे बघितले आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी माणसं कामावर आली, पण झाडापासून लांब, खालच्या मोरीवर. ढोबळ्यानं विचार केला असावा की दोन दिवसांत डोकी थंड होतील. त्याला आत्याचं डोकं माहीत नव्हतं.

सकाळी ती मला म्हणाली, “पान्याचं पिंप बघितलंस का त्याचं? छान हाय.”

“मग?”

“मंग काय? बांध.”

मी थांबले. झाड आपलं होतं, पिंप त्याचं होतं.

“आत्या, परक्याच्या वस्तूला गाठ मारतात का?”

“त्यानं आपल्या गाठीला चाकू लावला न्हवं? आता जोवर तो नमतं घेत न्हाय तोवर त्याचं जे समोर दिसंल ते आपलं. तसंबी आपन नेतोय कुठं? नुस्तं बांधतोय.”

हा कायदा मी माहेरी कधी ऐकला नव्हता. आजही माझी खात्री आहे की तो तिनं त्या सकाळी चुलीपुढं बसून तयार केला. पण तिनं तो असा काही सांगितला की मी केवणीची साल घेऊन निघाले. पिंपाला गाठ पडली. दुपारी माणसं घरून आणलेलं पाणी प्यायली आणि ढोबळे एकटाच पिंपातलं प्याला.

मग त्याच्या मोटारसायकलच्या हॅण्डलला पडली. ती त्यानं चिडून चाकूनं कापली. संध्याकाळी गाडी उतारावर रुतली तर ढकलायला एक हात पुढं येईना. सगळे गोल उभे राहून मनापासून हळहळत होते.

“लई वाईट झालं साहेब.”

“अरे मग लावा ना हात!”

“लावला असता हो. पर तोडलेली गाठ हाय ना.”

तिसऱ्या दिवशी आत्यानं बोट तोंडात घालून ओलं केलं, हवेत धरलं आणि म्हणाली, “आज झाडाखाली जाळायचं.”

हे मात्र खोटं नव्हतं. चैत्रात, हिरडा उतरवायच्या आधी, झाडाखालचा पाचोळा आम्ही दरसाल जाळतो. आधी लांबून गोल झाडून घ्यायचं, मग वाऱ्याच्या उलट्या अंगानं आग लावायची, म्हणजे ती धावत नाही, बसल्या बसल्या खाते. बुंध्याजवळ ओली डहाळी घेऊन उभं राहायचं आणि आग आली की तिथंच मारायची. त्यामुळं पुढं डोंगराला वणवा लागला तरी झाडापर्यंत येत नाही, आणि खाली पडलेला बाळहिरडा साफ जमिनीवर सापडतो. हे सगळं खरं. पण दरसाल हे काम आम्ही सकाळी धूर वर जाईल तेव्हा करायचो. त्या दिवशी आत्यानं वारा बरोबर ढोबळ्याच्या तंबूकडं फिरेपर्यंत वाट बघितली.

धूर तंबूत शिरला. आतून आधी खोकला आला आणि मागून ढोबळे. तो जेवून, बूट काढून, आडवा झाला होता. अनवाणीच बाहेर आला, डोळे चोळत आमच्या बांधाकडं निघाला, आणि मी तंबूच्या मागच्या अंगानं आत गेले.

धूर विरल्यावर त्याला बूट दिसले. दोन्ही एकमेकांना बांधलेले, शेपूट आमच्या घराकडं.

माणसं एवढी हसली की बबन खडीच्या ढिगावर बसकण मारून बसला. मला वाटलं आता हा चाकू काढणार. पण ढोबळ्यानं बुटांकडं बघितलं, हसणाऱ्या माणसांकडं बघितलं, आणि चाकू खिशातच ठेवला. तो तसाच अनवाणी, तापलेल्या खडीवरून पाय उचलत, बूट हातात घेऊन आमच्या अंगणात आला.

“आजी,” तो म्हणाला, “सोडा.”

“बसा की मुकादम. पाय भाजलं आसतील. नंदे, चा टाक.”

तो बसला. बिनदुधाचा चहा फुंकून फुंकून प्याला.

“माझं काम बंद आहे, आजी. वर जाब द्यायचाय मला. एका झाडासाठी तुम्ही एवढं...”

“झाडासाठी न्हाय. झाड काय, मोडतं, पडतं. तुमी न इचारता गाठ तोडली. माझ्या सासूनं चढायला लावलं तवा माझं वय बारा. त्या झाडावर माझी पावलं कोरलीत. तुमच्या घरी तुमच्या आईची पावलं आसती तर त्यावर यंत्र घातलं आसतं का?”

हे ती हसत म्हणत नव्हती. मी पहिल्यांदाच तिचा आवाज तसा ऐकला आणि चुलीपुढं माझेच डोळे भरून आले. ढोबळे कपात बघत राहिला.

“पण रेघ साहेबांनी आखून दिलीय,” तो म्हणाला.

“फक्कीचीच हाय न्हवं? पुसती.”

“आणि साहेब आले की काय सांगू?”

“म्हनावं, खडक लागला.”

“खडक आहे का तिथं?”

“डोंगरात ऱ्हाता मुकादम, आन खडक कुठंय इचारता?”

ढोबळ्यानं मान वर करून डोंगराकडं बघितलं. मग त्याचं पोट हलायला लागलं. मग तो इतका हसला की कपातला उरलेला चहा त्याच्या शर्टावर सांडला.

“बरं. लागला खडक,” तो म्हणाला. “आता सोडा बूट.”

“मी कशी सोडू? माझी कुठं हाय गाठ?” आत्यानं माझ्याकडं हनुवटी केली. “सगळ्या तिनं मारल्यात.”

त्या संध्याकाळी ढोबळ्यानं आपल्या हातानं जुनी रेघ पुसली आणि झाडाला वळसा घालून नवी टाकली. मी बूट सोडले, पिंप सोडलं. कापलेल्या गाठीच्या जागी, गाडीला, पुन्हा एकदा बांधून मग सोडायला लागलं, कारण त्याशिवाय ती मोकळी होत नव्हती. झाडालाही मी नवी गाठ मारली. बबननं यंत्र चालू केलं तेव्हा सगळी वाडी ओरडली. आज त्या जागेला एसटीचे ड्रायव्हरसुद्धा मुकादमाचं वळण म्हणतात.

झाडाची गाठ सोडायला मी हात घातला तर आत्यानं माझं मनगट धरलं.

“ती ऱ्हाऊ दे. ती हिरडा उतरवायच्या दिवशी सोडायची.”

“मग तुम्ही सोडा त्या दिवशी. मी गुरुवारी जाणार ना.”

“मी? बांधली कुनी?”

मी तिच्याकडं बघत राहिले. ती साळसूदपणे झाडाकडं बघत राहिली. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की गेल्या चार दिवसांत ढोबळ्यापेक्षा पक्की मीच बांधली गेले होते.

गुरुवारी किसन आला. त्यानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“आये, माझ्या बायकोचं लगीन झाडासंगं लावलंस का?”

“तुझ्यासंगं लावलं ते काय कमी झाड हाय?” आत्या म्हणाली.

मला राग आला होता. खरा राग. नळ माझ्या डोळ्यांसमोर होता आणि ही बाई मला हिरड्याला बांधून बसली होती. मी आत गेले, उरलेली केवणीची साल घेतली, बाहेर आले आणि तिच्या हातातली टेकायची काठी ओढून घेऊन मुठीच्या खाली करकचून गाठ मारली.

“ही माझी,” मी म्हणाले. “ही काठी माझी, आणि काठीला धरून जे कोण चालतंय तेही माझं. मी हिरडा उतरवून भोसरीला जाणार. दर चैत्राला येऊन झाडाची गाठ सोडणार, उतरवणार, पुढच्या सालची बांधून जाणार. पण मी ही सोडल्याशिवाय तुम्ही कुठं जायचं नाही. समजलं?”

किसन जागच्या जागी गार झाला. सासूला असं कुणी बोलत नसे. आत्या माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मग काठीकडं, आणि मग हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या, तरी थांबेना.

“शिकली,” ती किसनला म्हणाली. “लेका, तुझी बायको शिकली.”

मी भोसरीला गेले. नळ मिळाला. पाणी सकाळी येई आणि पुष्कळदा येत नसे. दर चैत्राला मी वाडीला आले. पहिल्याच साली आत्यानं बबनच्या हातात कोयता देऊन माझ्या मापाच्या खाचा पाडून घेतल्या, लांब लांब, आणि खाली उभी राहून म्हणाली, “ही बघा, उंटीन चालली.” झाडाच्या शेंड्याचा हिरडा आम्ही पाखरांना ठेवतो. मला तो खुणावत असायचा, ती खालून काठी आपटायची.

काठीवरची गाठ मी सोडली नाही. ती दरसाल म्हणायची, “सोड की बाई आता, पाय निघंना झालेत.” मी म्हणायचे, “झाडाची सोडते. ही राहू दे.” पुढं पुढं हे म्हणताना ती हसेनाशी झाली.

मग एका चैत्रात मी आले तर आत्या अंथरुणाला खिळलेली. किसनच्या कारखान्याचं तेव्हा काही खरं नव्हतं, पण खोली होती, मुलीची शाळा होती, मला परत जायचंच होतं. मी नवी पिशवी घेऊन आले होते, चेनची.

“तुझी पिशवी माझ्या उशाशी ठेव,” आत्या म्हणाली. “नव्या कापडाचा वास बरा वाटतो. आन तांब्याभर पानी ठेव.”

मी ठेवलं. तिनं काठी माझ्याकडं सरकवली.

“सोड, पोरी.”

मी गाठीला हात लावला. इतक्या वर्षांत ती लाकूड झाली होती. मला सोडायची नव्हती. मी दोन्ही पंजे तिच्यासमोर वाकडे करून धरले.

“माझी बोटं आखडलीत, आत्या. सुटत नाही.”

तिच्या डोळ्यांत जुनी लकाकी आली.

“लबाड,” ती म्हणाली. “सोड.”

मी नखांनी, दातांनी ती सोडवली. रडत होते, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. दोरी तिनं मागून घेतली आणि मुठीत धरली. सकाळी ती गेली.

दिवस-कार्य झालं. हिरडा उतरवायचा राहिला होता, पण मनात आलं, यंदा नको, जावं. बबनची मुलं उतरवतील. एसटीची वेळ झाली तेव्हा मी खोलीत गेले. तिच्या उशाशी ठेवलेली पिशवी त्या दिवसापासून कुणी हलवली नव्हती. मी ती उचलायला वाकले.

दोन्ही बंद एकत्र धरून त्यांना गाठ मारलेली होती. काठीवरचीच दोरी, तांब्यातल्या पाण्यात भिजवून मऊ केलेली आणि आता वाळून घट्ट झालेली. शेपूट चुलीकडं. अशी नीट, अशी ताठ गाठ मी त्या वाडीत दुसऱ्या कुणाची बघितली नाही, माझी तर नाहीच.

मी तिथंच बसले. आधी हसले, मग हसता हसता रडू फुटलं. बाहेर एसटीनं मुकादमाच्या वळणावर हॉर्न दिला, दोनदा, आणि निघून गेली.

पिशवी अजून तिथंच आहे. किसन चिडला, भांडला, शेवटी मुलीला घेऊन इकडंच आला. आता वावर बघतो आणि वाडीचा नळ दुरुस्त करतो. पिशवीत माझ्या दोन चांगल्या साड्या अडकल्यात. मुलगी म्हणते, आई, चेन बाजूनं उघडून काढ की, गाठीला हात कशाला लावायचा? मी काढत नाही. बांधणारी सोडेल तेव्हा सोडेल.

बोटं आखडली होती म्हणे!